आठवड्यातला अर्धा तास

पियानोची खासगी शिकवणी हा तीन पक्षांमधला तोंडी करार असतो. पहिला पक्ष शिक्षक, दुसरा पालक आणि तिसरा विद्यार्थी. करारात मुख्य काम एकच असते, ते म्हणजे रोज वाद्यापुढे बसणे. आणि ते आपण सोडून उरलेल्या दोघांपैकी कोणीतरी करील, अशी तिन्ही पक्षांची मनापासून समजूत असते. नवशिक्याचा तास नावालाच तास. तो अर्ध्या तासाचा असतो आणि आठवड्यातून एकदा होतो. आठवड्यात असे अर्धे तास ३३६ भरतात. त्यांतला एक शिक्षकाच्या वाट्याला येतो आणि ३३५ घराच्या. फी मात्र त्या एकाचीच आकारली जाते. त्यामुळे जे काही शिकणे व्हायचे ते त्या एकातच होत असणार, असा पालकांचा ग्रह होतो. मुंबईत वांद्रे-माहीमपासून पार्ल्यापर्यंत आणि पुण्यात कॅम्पापासून कोथरूडपर्यंत, जिथे जिथे हा क्लास चालतो तिथे पहिल्या दिवशी पालकांच्या हाती अटींचा एक कागद पडतो. त्यातले प्रत्येक कलम त्या ३३५ अर्ध्या तासांना उद्देशून लिहिलेले असते. पालक तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवतात आणि विचारतात, "शनिवारी चालेल का?"

ही अडचण जुनी आहे. बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने फ्लॉरेन्समध्ये १७०० च्या सुमारास पियानो घडवला. तो युरोपभर पोहोचण्याआधीच हार्प्सिकॉर्ड शिकवणारी मंडळी घरच्या सरावाने टेकीला आली होती. फ्रान्स्वा कूपरँ या फ्रेंच संगीतकाराने १७१६ साली हार्प्सिकॉर्ड वाजवण्याच्या कलेवर एक पुस्तक लिहिले. त्यात तो सांगतो की, लहान मुलांना शिकवायला सुरुवात केली की तो जाताना वाद्याची किल्लीच सोबत नेतो. कारण पाऊण तास खपून जे बसवले, ते मुले त्याच्या माघारी क्षणात मोडून ठेवतात. वाजवताना मूल तोंड वेडेवाकडे करत असेल तर वाद्यावर आरसा ठेवावा, हाही सल्ला त्याचाच. आजच्या शिक्षकाला किल्ली न्यावी लागत नाही. वाद्य आठवडाभर उघडे असते आणि त्याला कोणी बोटही लावत नाही, त्यामुळे मागच्या तासाला बसवलेले मोडण्याची भीती उरलेली नाही. ते बसलेलेच नसते.

शिकवणीची पहिली अपेक्षा घरात वाद्य असण्याची. हे कलम लिहावे लागते, यावरूनच त्याची गरज कळते. खऱ्या पियानोला ८८ पट्ट्या असतात, ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या. आत दोनशेहून अधिक तारा आणि त्यांचा मिळून काही टनांचा ताण. उभ्या पियानोचे वजनही सहज दोनशे किलोंच्या घरात जाते. तो लिफ्टमध्ये मावत नाही, आणि जिन्याने चढवायचा म्हटले की सोसायटीच्या सेक्रेटरींना नवीन रंगवलेल्या भिंती आठवतात. चढलाच वर, तर पावसाळा वाट पाहत असतो. जून ते सप्टेंबर लाकूड दमट हवा पिऊन फुगते, पट्ट्या अडकतात, सूर सरकतो. म्हणून मुंबईतले जुने लोक पियानोच्या पोटात बारीक दिवा लावून ठेवतात आणि वाळवी-कसर येऊ नये म्हणून डांबरगोळ्या टाकतात. ट्यूनरने वर्षातून दोनदा तरी यावे अशी अपेक्षा असते. तो येतो, झाकण उघडतो, आत पाहतो, आणि डॉक्टर एक्स-रे पाहून जसे गप्प बसतात तसा थोडा वेळ गप्प बसतो.

एवढा व्याप नको म्हणून बहुतेक घरांत ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड येतो. पियानोपेक्षा २७ पट्ट्या कमी, पण दोन-अडीचशे आवाज, शंभरावर ताल आणि एक डेमोचे बटण जास्त. मुलाला सर्वांत आधी सापडते ते हे बटण. ते दाबले की कीबोर्ड आपला आपण एक जोरकस रचना वाजवू लागतो, मूल पट्ट्यांवरून नुसते हात फिरवते आणि आतल्या खोलीतून आजी म्हणते, "किती लवकर शिकला गं!" शिक्षकाची अपेक्षा अशी असते की, पट्ट्यांना वजन असावे, पायाशी पेडल असावे आणि बसायला असे स्टूल असावे की कोपर पट्ट्यांच्या पातळीत येईल. घरी कीबोर्ड दिवाणावर असतो आणि मूल जमिनीवर मांडी घालून बसलेले असते. किंवा कीबोर्ड स्टँडवर आणि मूल डायनिंगच्या खुर्चीत दोन उश्या रचून. दोन महिन्यांत स्टँडचा खरा उपयोग घराला कळतो. उंची बरोबर असल्यामुळे इस्त्रीला द्यायचे कपडे त्यावर ठेवता येतात. मग सरावाला बसायचे म्हणजे आधी कपड्यांच्या घड्या हलवायच्या. ते काम कोणाचे, यावर वीस मिनिटे बोलणे होते, आणि सरावाचा वेळही वीसच मिनिटांचा असतो.

शिक्षक दोन प्रकारचे. एक, ज्यांच्या घरी मुले जातात. दुसरे, जे मुलांच्या घरी येतात. मुंबईतल्या पहिल्या प्रकारात गोव्याची मोठी परंपरा आहे. पोर्तुगीज काळापासून गोव्यात चर्चला जोडलेल्या पॅरिश शाळांमधून मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवले जाई. तिथे तयार झालेल्या वादकांनी मुंबईचे बँड आणि पुढे हिंदी सिनेमाचे वाद्यवृंद भरून काढले. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल व्हायोलिन शिकले ते अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे. या परंपरेतल्या 'मिस' किंवा 'सर' यांच्या घरी शिस्त असते. पुढचे मूल वाजवत असताना मागच्याने सोफ्यावर गप्प बसायचे, आणि पाचचा तास म्हणजे पाच वाजता. पाऊण तास आधी येऊन सोफा अडवणे हेदेखील उशिरा येण्याइतकेच नामंजूर. दुसऱ्या प्रकारच्या शिक्षकांपुढे अडचण वेगळी असते. ते घरात पाऊल टाकतात तोच चहा टाकला जातो. "नको, आत्ताच घेऊन आलो" या वाक्याला मराठी घरात कायदेशीर किंमत नाही. चहाबरोबर पोहे, पोह्यांबरोबर काकांच्या मेंडोलिनची आठवण, आणि निघता निघता आजीची फर्माईश, "सर, तुम्हीच काहीतरी वाजवून दाखवा ना." अर्ध्या तासातली बारा मिनिटे उरतात. त्यांत मुलाने मागच्या तासाची वही शोधायची असते.

पालकांच्या अपेक्षा बऱ्याचशा सिनेमातून आलेल्या असतात. 'अंदाज' (१९४९) मध्ये दिलीपकुमार पियानोवर बसला आणि 'संगम' (१९६४) मध्ये राज कपूर. दोघांच्याही पुढ्यात स्वरलिपीचा कागद आहे की नाही, याकडे कोणाचे लक्ष नव्हते. सिनेमातला नायक पट्ट्यांकडे पाहत नाही, नायिकेकडे पाहतो; त्याचा डावा हात काय करतो हे कॅमेरा दाखवत नाही; आणि तो कधी, कोणाकडे, किती फी भरून शिकला, हे पटकथेत येत नाही. असा पियानो पाहून मोठे झालेले पालक पहिल्या भेटीत विचारतात, "साधारण किती महिन्यांत येईल?" 'येईल' याचा अर्थ पाहुण्यांपुढे वाजवता येईल. मुदत बहुधा दिवाळीची असते. त्यापाठोपाठ "हिंदी गाणी शिकवता ना?" आणि "जन गण मन तरी?" शिक्षक सांगतात की, आधी बसणे, हाताचा आकार, मग पाच बोटांचे पाच आकडे, अंगठा एक, करंगळी पाच. पालक मान डोलावतात आणि थोड्या वेळाने विचारतात, "आणि हॅपी बर्थडे?"

दुसरी अपेक्षा बुद्धीची. पियानोमुळे गणित सुधारते, असे कोणीतरी कोणालातरी सांगितलेले असते. या समजुतीचा एक मोठा झरा १९९३ साली 'नेचर' या नियतकालिकात आलेल्या एका छोट्या प्रयोगात आहे. मोत्सार्टची दोन पियानोंसाठी लिहिलेली एक रचना दहा मिनिटे ऐकल्यावर काही विद्यार्थ्यांना आकृत्यांची एक प्रकारची कोडी थोडी बरी सुटली. विद्यार्थी कॉलेजातले होते, लहान मुले नव्हती. ते ऐकत होते, वाजवत नव्हते. आणि परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. तरीही १९९८ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला सरकारी खर्चाने अभिजात संगीताची ध्वनिमुद्रिका देण्याचा प्रस्ताव मांडला. इतक्या मोठ्या पदावरच्या माणसाला तो मोह आवरला नाही, तिथे चौथीच्या घटक चाचणीत गणितात बारा मार्क पडलेल्या मुलाच्या आईने आशा धरली तर तिला दोष देता येत नाही. मात्र चाचणीत पुन्हा बाराच पडले, तर खुलासा पियानोच्या सरांकडे मागितला जातो, गणिताच्या बाईंकडे नाही.

विद्यार्थ्याची अपेक्षा या सगळ्यात सर्वांत माफक असते. त्याला बेटोफनच्या 'फ्यूर एलीझे'चे पहिले नऊ स्वर हवे असतात. ही रचना १८१० सालची; छापली गेली ती १८६७ साली, बेटोफन जाऊन चाळीस वर्षे झाल्यावर. तेव्हापासून ती थांबलेली नाही. तैवानमध्ये कचऱ्याची गाडी आली हे लोकांना या सुरावटीवरून कळते. नऊ स्वर उजव्या हाताने एका दुपारी येतात, यूट्यूबवर वरून पडणाऱ्या रंगीत पट्ट्या पाहून तर त्याहून लवकर. नवव्या स्वरापाशी डावा हात सुरू होतो आणि तिथेच बहुतेकांचे संगीत-शिक्षण संपते. मधल्या भागातली पळापळ या रचनेत आहे, हे अनेक विद्यार्थ्यांना ग्रेडच्या पुस्तकातून कळते, आणि तो भाग दुसऱ्याच कोणीतरी मागून जोडला असावा, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटते.

पहिल्या तासाची कलमे साधी असतात आणि म्हणूनच त्यांवर वाद होतात. नखे कापलेली हवीत, कारण नख वाढलेले असेल तर बोट आडवे पडते आणि पट्टीवर सुराआधी टकटक ऐकू येते. तास रविवारी सकाळी असतो. शनिवारी नखे कापत नाहीत, दिवेलागणीनंतर तर नाहीच नाही, आणि शुक्रवारी कोणाच्या लक्षात राहत नाही. अशा रीतीने एका साध्या अटीचा घरातल्या तीन पिढ्यांशी संबंध येतो. हात धुतलेले हवेत, हे दुसरे कलम. ते वडापावच्या गाडीवरून थेट क्लासला येणाऱ्यांसाठी असते. तिसरे कलम वहीचे. वहीत शिक्षक त्या आठवड्याचे काम लिहितात: 'डावा हात वेगळा, ओळ ३, सावकाश, रोज ५ वेळा.' ही वही आठवड्यातून दोनदा उघडते, दोन्ही वेळा शिक्षकांच्या घरी.

पालकांनी तासाला बसावे की नाही, यावर जाणकारांत मतभेद आहेत. जपानच्या शिनिची सुझुकी यांच्या पद्धतीत पालकाने तासाला हजर राहून टिपणे काढायची असतात. मुलाबरोबर आईनेही थोडे वाजवायला शिकावे, अशी अपेक्षा असते. ही पद्धत आपल्याकडच्या पालकांना सांगितली की ते हजर राहण्याचा भाग उचलतात. तासाला बसलेली आई प्रश्नाचे उत्तर मुलाच्या आधी देते. शिक्षकांनी "हा कोणता स्वर?" असे मुलाला विचारले की खुर्चीतून कुजबुज येते, "सांग ना, कालच केलंय आपण." यातला 'आपण' महत्त्वाचा आहे. थोड्याच दिवसांत घराची भाषा बदलते: "आम्ही सध्या ग्रेड टू करतोय", "आमची स्केल्स अजून कच्ची आहेत". याची उदाहरणे इतिहासातही आहेत. पुढे क्लारा शूमान म्हणून गाजलेल्या पियानोवादक मुलीची डायरी तिच्या लहानपणी तिचे वडील फ्रीडरिश विक लिहीत असत, तीही 'मी' असे प्रथमपुरुषात लिहून. क्लारा खरोखरच मोठी कलावंत झाली, त्यामुळे वडिलांची बाजू भक्कम राहिली. बाकीच्या घरांत तेवढा पुरावा हाती येईपर्यंत पालकांनी फोन घेऊन बाहेरच्या बाकावर बसावे, असे शिक्षकांचे मत असते.

आता सराव. पूर्ण शिकवणीचा डोलारा यावर उभा आहे. नवशिक्याला रोज वीस मिनिटे पुरतात, असे शिक्षक सांगतात. पालक गणिताला पक्के असतात: रोज वीस, सहा दिवस, म्हणजे आठवड्याला दोन तास, ते शनिवारी रात्री जेवणानंतर एकदम केले की झाले. बेरीज बरोबर असते, फक्त बोटांना बेरीज येत नाही. बोटे शिकतात ती मधल्या झोपांमध्ये. आज केलेले उद्या पुन्हा थोडे केले की पक्के होते, एकाच रात्री साठ वेळा केले की दुखते. रविवारी सकाळी मूल क्लासला येते, पहिल्या ओळीत अडखळते आणि ते वाक्य उच्चारते, जे जगातल्या सर्व भाषांमधल्या पियानोच्या विद्यार्थ्यांना न शिकवता येते: "घरी बरोबर येत होतं, सर." शिक्षक मान डोलावतात. त्या घरी जाण्याची त्यांची फार इच्छा असते.

घरी काय येत असते, हे जवळून पाहण्यासारखे आहे. मूल रचना पहिल्यापासून सुरू करते. चौथ्या मात्रेला बोट चुकते. मूल पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. आता सातव्या मात्रेला चुकते, पुन्हा पहिल्यापासून. वीस मिनिटांत पहिली ओळ तीस वेळा वाजते, दुसरी आठ वेळा, आणि शेवटच्या ओळीला त्या दिवशी कोणी भेटत नाही. परिणाम असा की, कोणतीही रचना आत्मविश्वासाने सुरू होते आणि हळूहळू अनोळखी होत जाते. यावर उपाय शेकडो वर्षांच्या अनुभवाने सिद्ध झालेला आहे: शेवटच्या चार मात्रांपासून सुरुवात करावी, एकेका हाताने करावी, निम्म्या वेगाने करावी आणि चुकले तिथेच थांबून तेवढेच करावे. पण हा सराव ऐकायला वाईट लागतो. स्वयंपाकघरातून आई विचारते, "अरे, गाणं वाजव ना, हे काय चाललंय मघापासून?" मूल सुटकेचा निःश्वास टाकते आणि पहिल्यापासून सुरू करते.

मेट्रोनोमचीही हीच कथा. योहान मेल्झेल याने १८१५ साली या ताल धरणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. यंत्राने एका गतीने टिकटिक करायची आणि वाजवणाऱ्याने तिच्याबरोबर राहायचे. आता ते यंत्र फोनमध्ये फुकट मिळते. सोपी जागा आली की मूल पुढे पळते, अवघड आली की मागे राहते, आणि मेट्रोनोम मध्येच गती बदलतो अशी तक्रार करते. फोन हातात आलेलाच असल्यामुळे सरावाची उरलेली चौदा मिनिटे त्या फोनवर जातात.

शेजारी हा करारातला चौथा, सही न केलेला पक्ष. दुपारी एक ते चार सराव करू नये हे पुण्यात वेगळे सांगावे लागत नाही. खालच्या मजल्यावरचे आजोबा स्वतः वर येऊन सांगतात. पहिल्या ओळीची तीस आवर्तने त्यांनाही पाठ झालेली असतात आणि चुकणारी मात्रा जवळ आली की ते कूस बदलतात. यावर तोडगा म्हणून हेडफोन येतो. हेडफोन लावला की घराला ऐकू येतो फक्त प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा ठक ठक आवाज. ठकठक ऐकू येते म्हणजे सराव चालू आहे, असे पालक धरून चालतात. कानात तेव्हा डेमो चालू असतो.

पालकांकडून खरी अपेक्षा यात एवढीच असते: रोज ठरलेली वेळ, त्या वेळी बंद टीव्ही आणि जवळपास कोणीतरी ऐकणारे. संगीत येण्याची अट नाही. वहीत पाच वेळा लिहिले आहे आणि चार वेळा झाले, एवढे मोजता आले तरी पुरते. अपेक्षा छोटी आहे, पण ती रोजची आहे, आणि घरांना महिन्यातून एकदाची मोठी कामे जास्त मानवतात. त्यामुळे स्टूल बदलले जाते, पुस्तकांना कव्हरे घातली जातात, ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो हप्त्यांवर येतो. वीस मिनिटे तेवढी राहून जातात.

फीचे कलम कागदावर सर्वांत ठळक अक्षरांत असते. फी वेळ राखून ठेवल्याची असते, हजेरीची नव्हे. रविवारी पाचची जागा एका मुलाला दिली की ती दुसऱ्याला देता येत नाही. पालकांना हे तत्त्व सिनेमाच्या तिकिटाबाबत मान्य असते, पियानोबाबत नसते. महिन्यात पाच रविवार आले की पाचवा तास फीत धरलेला असतो. महिन्यात तीनच तास झाले की हिशेब मागितला जातो. तास रद्द करायचा तर चोवीस तास आधी कळवावे, असे लिहिलेले असते. प्रत्यक्षात पाचच्या तासासाठी चार वाजून बावन्न मिनिटांनी व्हॉट्सॲप येतो, "सर, आज नाही जमणार, तो झोपलाय", आणि खाली हात जोडलेल्या दोन आकृत्या. त्या दोन आकृत्यांनी चोवीस तासांची भरपाई झाली, असे मानण्याची पद्धत आहे.

दांड्यांना ऋतू असतात. जूनमध्ये शाळा सुरू होते म्हणून, श्रावणात सण म्हणून, मग गणपतीत दहा दिवस गावाला म्हणून, ऑक्टोबरमध्ये सहामाही म्हणून, नंतर दिवाळी म्हणून, डिसेंबरात गॅदरिंगच्या तालमी म्हणून, मार्चमध्ये वार्षिक परीक्षा म्हणून आणि एप्रिल-मे आजोळ म्हणून. मध्ये जे आठवडे उरतात त्यांत सर्दी होते. बुडालेला तास भरून द्यावा, अशी मागणी येते. पण सोमवारी ॲबॅकस, मंगळवारी पोहणे, बुधवारी कराटे, गुरुवारी पुन्हा ॲबॅकस आणि शुक्रवारी तो दमलेला असतो. शेवटी दोन महिन्यांनी एका मंगळवारी रात्री सव्वाआठला तो तास जमतो. त्या तासाला मूल जांभया देत उजव्या हाताने नऊ स्वर वाजवते. शिक्षकांनी स्वतः वर्षातून एकदा रजा घेतली, तर मात्र ती तारीख घरातल्या सर्वांना वर्षानुवर्षे आठवते.

परीक्षा हा शिकवणीचा सरकारी भाग वाटतो, पण तो सरकारी नाही. आपल्याकडे पियानोच्या परीक्षा प्रामुख्याने लंडनच्या दोन संस्थांच्या होतात: ट्रिनिटी आणि १८८९ साली स्थापन झालेले असोसिएटेड बोर्ड. दोन्हींत पहिली ते आठवी अशा ग्रेड असतात. त्या शाळेच्या इयत्ता नव्हेत, हे पालकांना पटवणे अवघड जाते. "पाचवीत आहे आणि अजून दुसरीच ग्रेड?" या प्रश्नामागे मूल तीन वर्षे नापास झाल्याची धास्ती असते. आजोबांचे प्रमाण वेगळे, त्यांना गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा माहीत असतात, म्हणून ते विचारतात, "याची विशारद कधी?" बोर्डाच्या प्रत्यक्ष परीक्षेत १५० गुण असतात: तीन रचनांना प्रत्येकी ३०, स्केल्सना २१, समोर आयत्या वेळी ठेवलेले वाचून वाजवण्याला २१ आणि कानाच्या चाचणीला १८. शंभरला पास, १२० ला मेरिट, १३० ला डिस्टिंक्शन. तीन रचनांना ९० गुण असल्यामुळे घराघरांत वर्षभर त्या तीनच रचना वाजतात. चौथी रचना या जगात आहे, याचा मुलाला पत्ता नसतो, खालच्या आजोबांनाही नसतो. कानाच्या चाचणीत परीक्षकाने वाजवलेली सुरावट गाऊन दाखवायची असते. पियानो शिकायला आलेल्या मुलाला गाण्याच्या क्लासला का नाही घातले, असा प्रश्न अशा वेळी घरात पुन्हा निघतो. बोर्डाची सहावी ग्रेड द्यायची तर बहुधा पाचवीची थिअरी आधी सुटावी लागते. आणि पाचवीपर्यंत पोहोचलेल्या अनेकांना नेमके तिथेच क्रिकेटचे वेड लागते.

वर्षाअखेरचा कार्यक्रम हे पुढचे कलम. सर्वांत लहान मुले आधी, मोठी शेवटी, हा क्रम. लहानग्याची रचना पाऊण मिनिटाची असते. तिच्यासाठी शेरवानी, गजरा, दोन्हीकडचे आजी-आजोबा आणि तीन फोन आलेले असतात. शिक्षकांची विनंती असते की सर्वांनी शेवटपर्यंत बसावे. आपला वाजवून झाला की कुटुंब वाकून, खुर्च्यांना धडकत बाहेर पडते. म्हणून संध्याकाळ जसजशी चढते तसतसे वादन चांगले होत जाते आणि श्रोते कमी होत जातात. सर्वांत शेवटी आठव्या ग्रेडची मुलगी वाजवते तेव्हा सभागृहात तिचे आईवडील, शिक्षक आणि खुर्च्या मोजायला आलेला माणूस असतो. ती मुलगी आणि नऊ स्वरांवर थांबलेला मुलगा यांच्यात फरक देणगीचा असतो, असे लोक म्हणतात. शिक्षकांच्या वहीप्रमाणे फरक बहुतेक वेळा रोजच्या वीस मिनिटांचा असतो. तिच्या घरी ती झाली. ती होत राहिली तर सर्वसाधारण मूलही दोनेक वर्षांत दोन्ही हातांच्या ओळी वाचून सोप्या रचना वाजवते.

शिकवणी थांबवण्याचेही कलम असते: एक महिना आधी कळवावे. शिकवणी सहसा नववीच्या अखेरीस थांबते, "दहावीचं वर्ष आहे, नंतर पुन्हा सुरू करू" असे म्हणून. काहीजण खरोखरच पुन्हा येतात, बहुधा स्वतःची मुले घेऊन. बाकीच्या घरांतला कीबोर्ड जुन्या वस्तू विकण्याच्या ॲपवर जातो. इस्त्रीचे कपडे बाजूला करून त्याचा फोटो काढला जातो आणि वर्णनात लिहिले जाते, 'नव्यासारखा, अगदी कमी वापरलेला'. संपूर्ण शिकवणीच्या काळात सरावाविषयी त्या घराने लिहून दिलेले एवढेच विधान कोणालाही पडताळून पाहावे लागत नाही.